पेटीवरचे नाव : कोकणच्या आंबा-व्यवहारातील माप आणि विश्वास

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी ओळखले जाते. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेली ही कला येथील ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०२१ मध्ये पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि या परंपरेचा यथोचित गौरव झाला. याच परिसरातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. उन्हाळ्याची चाहूल लागली की कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, देवगड या भागांतून आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या संध्याकाळी मुंबईच्या दिशेने निघू लागतात आणि पहाटेच्या बाजाराला पोहोचतात.

त्या प्रत्येक पेटीवर बागायतदाराचे नाव असते. पेटी भरणारा हात कोकणात असतो आणि ती उघडणारा हात सुमारे पाचशे किलोमीटर दूर असतो. दोघांची भेट बहुधा कधीच होत नाही. माल पाहण्यापूर्वी पैसे देता येत नाहीत आणि पैसे मिळण्यापूर्वी माल पाठवावाच लागतो, कारण पाडाला आलेले फळ थांबत नाही. अशा स्थितीत विकणाऱ्याने घेणाऱ्यावर आणि घेणाऱ्याने विकणाऱ्यावर कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हा प्रश्न कोकणच्या आंब्याच्या व्यापाराइतकाच जुना आहे. त्याला वेळोवेळी जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा हा संक्षिप्त इतिहास.

गलबत, आगबोट आणि मार्का

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या काळात, घाटरस्ते आणि किनारी रस्ते चांगले नसताना, येथील माल समुद्रमार्गेच मुंबईस जात असे. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग या बंदरांतून आधी गलबते आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबई गाठत. पावसाळा सुरू होताच ही वाहतूक बंद पडे. म्हणजे आंब्याचा हंगाम आणि बोटींचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी संपत असे. एखादी फेरी चुकली तर फळ बंदरावरच पिकून जाई.

या व्यवहारात पेटीवर रंगाने लिहिलेले नाव किंवा आद्याक्षरे, म्हणजेच ‘मार्का’, ही बागायतदाराची एकमेव ओळख होती. मुंबईच्या दलालाच्या मनात प्रत्येक मार्क्याचा हिशेब असे. अमक्याच्या पेटीत खालपर्यंत सारखे फळ निघते, तमक्याच्या पेटीत वरच्या थरात मोठी आणि तळाशी बारीक फळे असतात, एकाचा माल ठरल्या दिवशी येतो, दुसऱ्याचा भरवसा नाही, हे त्यास तोंडपाठ असे. आजच्या कारखानदारीत पुरवठादाराची कामगिरी गुणवत्ता, परिमाण आणि वेळ या तीन रकान्यांत मोजली जाते. दलालाच्या स्मरणातील नोंदी याच तीन रकान्यांच्या होत्या. मात्र त्या कागदावर उतरत नसत, आणि बागायतदारास त्या कधी पाहावयास मिळत नसत.

दुसऱ्या बाजूने बागायतदारही दलालाचे मोजमाप करीत असे. त्याच्या हाती येणारे साधन म्हणजे ‘पट्टी’. विक्रीनंतर येणाऱ्या या हिशेबाच्या कागदावर पेट्यांची संख्या, मिळालेला भाव आणि त्यातून वजा झालेली अडत, हमाली, भाडे इत्यादी रकमा लिहिलेल्या असत. शेजाऱ्याच्या पट्टीशी स्वतःची पट्टी ताडून पाहणे हीच त्याची तपासणी. परंतु हंगामापूर्वी खत, फवारणी, राखण आणि रिकाम्या पेट्या यांसाठी त्याने त्याच दलालाकडून उचल घेतलेली असे. पट्टी पटली नाही तरी पुढील वर्षी माल दुसरीकडे नेण्याची मोकळीक त्यास राहत नसे. येथे विश्वास होता, यात शंका नाही. कित्येक घराण्यांचे आणि पेढ्यांचे संबंध दोन-तीन पिढ्या टिकले. परंतु त्या विश्वासात निवड किती आणि निरुपाय किती, हे सांगणे कठीण होते.

रुमालाखालचा भाव

मुंबईत १८६९ मध्ये सुरू झालेली क्रॉफर्ड मार्केट ही मंडई, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, दीर्घकाळ फळांच्या घाऊक व्यापाराचे केंद्र होती. १९९६ मध्ये हा घाऊक बाजार नवी मुंबईत वाशी येथे हलला. जागा बदलली, तरी भाव ठरविण्याची एक जुनी रीत बरीच वर्षे चालू राहिली. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकला जाई आणि त्याखाली बोटे दाबून भावाची बोली होई. भोवती उभ्या असलेल्यांस काय ठरले ते कळत नसे.

या रीतीचे समर्थन करणारे सांगत की त्यामुळे व्यवहार झटपट होतो, घासाघीस जाहीर होत नाही आणि प्रत्येक मालास त्याच्या गुणानुरूप भाव मिळतो. हे सर्वस्वी खोटे नव्हे. नाशवंत मालाच्या बाजारात वेळेला मोल असते. परंतु ज्याचा माल विकला जात होता तो बागायतदार त्या वेळी कोकणात असे. रुमालाखाली ठरलेला भाव आणि पट्टीवर उतरलेला भाव एकच आहे, याची खातरजमा करण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसे. दलाल प्रामाणिक असला तरी ते सिद्ध करण्याचा मार्ग त्याच्याकडेही नव्हता. गुप्त मापाची ही खरी हानी होय. अप्रामाणिक मनुष्य त्यात लपतो आणि प्रामाणिक मनुष्य संशयातून सुटत नाही.

कापसाने दिलेला धडा

या प्रश्नाची जाणीव महाराष्ट्रास आंब्याच्या आधी कापसाने करून दिली. मुंबई बंदरातून निर्यात होणाऱ्या कापसात सरकी, माती आणि हलक्या प्रतीचा कापूस मिसळला जातो, पाणी मारून वजन वाढविले जाते, अशा तक्रारी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत्या. त्यावर १८२९ मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध नियम केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. त्याबरोबर भेसळही वाढली. म्हणून १८६३ मध्ये अधिक कडक कायदा आला. तपासनीस नेमले गेले, दंड ठरले. परंतु शिक्षेच्या धाकाने बाजारात विश्वास निर्माण झाला, असे म्हणता येत नाही.

वेगळा मार्ग वऱ्हाडात दिसला. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. एक ठरलेली जागा, परवानाधारक तोलणारे आणि अडते, तसेच देखरेखीसाठी समिती अशी ही व्यवस्था होती. तिच्यात एक मोठी उणीव मात्र राहिली. समिती प्रामुख्याने व्यापाऱ्यांची होती आणि ज्याच्या मालाचे माप व्हावयाचे त्या शेतकऱ्यास तीत स्थान नव्हते. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकांस समितीवर प्रतिनिधित्व दिले. तराजू कसा असावा हे ठरविण्यात विकणाऱ्याचाही सहभाग असला पाहिजे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

मुंबईतील व्यापाऱ्यांनीही स्वतःची शिस्त उभी केली. १९२० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनमध्ये प्रतवारीसाठी प्रमाण नमुने ठेवले जात. मालाच्या प्रतीविषयी वाद झाल्यास जाणकार परीक्षक त्या नमुन्यांशी गाठीतील कापूस ताडून पाहत आणि लवाद निर्णय देई. येथे कोणाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नव्हते. नमुना दोघांसमोर असे. याच काळात, १९२५ च्या कायद्यान्वये, कापूस दाबणाऱ्या कारखान्यांवर प्रत्येक गाठीवर आपली खूण आणि क्रमांक घालण्याचे बंधन आले. दोष निघाल्यास गाठ कोणत्या कारखान्यातून आली हे शोधणे त्यामुळे शक्य झाले.

शेतमालाच्या प्रतवारीसाठी १९३७ मध्ये ॲगमार्कचा कायदा झाला. १९३९ च्या मुंबई कायद्याने नियंत्रित बाजाराची व्यवस्था इतर शेतमालास लागू केली, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये अस्तित्वात आली. कापसाच्या अनुभवातून घडलेली चौकट अशा रीतीने आंब्यापर्यंत पोहोचली. पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला.

चौदा आणे

कापूस आणि आंबा यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. कापसाची गाठ फोडून आत पाहता येते. आंब्याचा गुण विक्रीच्या क्षणी दिसत नाही. फळ कच्चे विकले जाते, घरच्या अढीत आठ-दहा दिवसांनी पिकते आणि त्याची परीक्षा कापल्यावरच होते. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

हापूसच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघतो. कोकणात यास ‘साका’ म्हणतात. १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातील चीमा आणि दाणी या संशोधकांनी या विकृतीचे वर्णन केले. बाहेरून तिचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. त्यामुळे साका निघाला तर ग्राहक व्यापाऱ्यास दोष देतो, व्यापारी बागायतदारास, आणि बागायतदार निसर्गाकडे बोट दाखवितो. तिघांपैकी कोणीही फसविलेले नसते, तरीही तिघांचा विश्वास उणावतो.

या अडचणीवर कोकणी बागायतदाराने आपल्या अनुभवातून एक माप तयार केले. रुपयाचे सोळा आणे असत त्या काळातील हे माप होय. पूर्ण तयार फळ सोळा आण्यांचे मानले, तर मुंबईस पाठवावयाचे फळ ‘चौदा आणे’ तयार असताना उतरवावे. त्याहून कोवळे काढल्यास ते सुरकुतते आणि बेचव राहते. झाडावर अधिक ठेवल्यास प्रवासात मऊ पडते आणि साक्याचे प्रमाणही वाढते. देठाजवळचे खांदे भरलेले आहेत काय, सालीचा गडद हिरवा रंग उजळू लागला आहे काय, यावरून अनुभवी गडी चौदा आणे ओळखतो. पाण्यात टाकलेले कोवळे फळ तरंगते आणि तयार फळ बुडते, ही परीक्षा तर कोणासही करता येते.

वेंगुर्ले येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने आणि १९७२ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या परंपरागत जाणिवेस शास्त्राची जोड दिली. देठासह फळ अलगद उतरविणारा ‘नूतन’ झेला बागांतून रूढ झाला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेल्या ‘रत्ना’ या जातीत साका आढळत नाही. तरीही बाजाराने हापूसलाच आपले मानले. त्यामुळे चौदा आण्यांची शिस्त पाळणे हाच मुख्य उपाय राहिला.

ही शिस्त मोडण्याचा मोह मात्र मोठा आहे. हंगामाच्या आरंभी भाव चढा असतो. आठवडाभर आधी काढलेले फळ त्या दिवशी अधिक पैसे देते आणि त्याचा दोष दिसेपर्यंत पट्टी झालेली असते. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळ लवकर पिवळे करण्यास कायद्याने बंदी असूनही तो प्रकार घडत आला, तो याच घाईपोटी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये असे दाखवून दिले की, ज्या बाजारात मालाचा गुण केवळ विकणाऱ्यास ठाऊक असतो, तेथे ग्राहक सर्वांनाच कमी भाव देऊ लागतो आणि चांगला माल आणणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. या विवेचनात सहभागी असलेल्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चौदा आणे होईपर्यंत थांबणाऱ्या बागायतदाराचे दुःख नेमके हेच आहे. घाई करणाऱ्याच्या चुकीची किंमत थांबणाऱ्यास मोजावी लागते.

परदेशातील परीक्षा

या सामूहिक जबाबदारीचा सर्वांत कठोर अनुभव परदेशी बाजाराने दिला. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या २०७ खेपांत युरोपीय संघास फळमाशी आणि अन्य किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांच्या आयातीवर बंदी आली. ज्या बागायतदाराच्या फळात कधीही अळी निघाली नव्हती, त्याचीही पेटी परत फिरली, कारण त्याचे फळ निराळे आहे हे दाखविणारे काही नव्हते.

बंदीनंतर तक्रारींबरोबर कामही झाले. नोंदणीकृत बागा, मान्यताप्राप्त पॅकिंग केंद्रे, उष्ण जलप्रक्रिया आणि निर्यातीपूर्वीची तपासणी यांची घडी बसविण्यात आली. तपासणी पथकाने व्यवस्था पाहिल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये, ठरल्या मुदतीपूर्वीच, आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. अमेरिकेचा बाजार त्याआधी २००७ मध्ये उघडला होता. त्यासाठी लासलगाव येथील विकिरण केंद्रात प्रक्रिया करून अमेरिकी निरीक्षकाच्या उपस्थितीत माल पाठविला जात असे. खरेदीदाराचा माणूस विक्रेत्याच्या दारी येऊन माप पाहतो, ही गोष्ट काहींना अपमानास्पद वाटली. वस्तुतः तिच्यामुळेच पुढचा रस्ता खुला झाला.

उद्योगजगतातही हाच अनुभव आला होता. १९५० पासून जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे मार्गदर्शन करणारे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांचा आग्रह होता की केवळ कमी किमतीकडे पाहून माल घेऊ नये आणि पुरवठादाराशी दीर्घकाळचे, निष्ठेचे नाते जोडावे. हे नाते मोजमापावाचून टिकत नाही. परंतु मोजमाप दोष शोधून माल नाकारण्यापुरतेच राहिले, तर पुरवठादार दोष लपवू लागतो. त्याच्या सुधारणेसाठी ते वापरले, तर तो स्वतःच दोष दाखवितो.

नावाची चोरी

विश्वास संपादन करणाऱ्या नावावर एक नवे संकट येते. ते नाव चोरले जाते. देवगड आणि रत्नागिरी ही नावे बाजारात मानाची ठरली, तसे अन्य प्रांतांतील आंबे त्याच नावांच्या खोक्यांत विकले जाऊ लागले. अन्य प्रांतांतील फळ वाईट असते असे नव्हे. परंतु स्वतःच्या नावाने विकले जाण्याचा त्याचाही हक्क असतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या नावास कायद्याचे संरक्षण आले. दापोलीचे विद्यापीठ, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आणि रत्नागिरी येथील उत्पादक-विक्रेत्यांची सहकारी संस्था यांनी त्यासाठी पाठपुरावा केला. परंतु मानांकनाचे प्रमाणपत्र कपाटात राहते आणि फळ रस्त्यावर विकले जाते. म्हणून २०२५ च्या हंगामापासून देवगडच्या संस्थेने प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची योजना हाती घेतली. क्रमांकाचा काही भाग वर दिसतो आणि काही भाग चिकटपत्र सोलल्यावर उघड होतो. ग्राहकास आपल्या फोनवरून खातरजमा करता येते. बागायतदारास ही चिकटपत्रे त्याच्या झाडांच्या प्रमाणात दिली जातात. त्यामुळे बागेच्या कुवतीपेक्षा अधिक फळ त्या नावाने विकता येऊ नये, अशी तजवीज आहे.

पेटीवरच्या जुन्या मार्क्यापासून फळावरच्या या क्रमांकापर्यंत पाहिले, तर एक सूत्र स्पष्ट दिसते. मार्क्याचा हिशेब दलालाच्या मनात होता. क्रमांकाचा हिशेब ग्राहकाच्या हाती आला आहे.

मापाचा धर्म

व्यापारी समाजांच्या नीतिशास्त्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच झालेला आढळतो. जैन श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापे वापरणे आणि हलकी वस्तू चांगलीच्या नावाने खपविणे या दोहोंचा स्पष्ट समावेश आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून वस्तू उचलणे ही चोरी सर्वांना कळते. खोटे माप आणि खोटे नाव यांनाही चोरीच्याच वर्गात बसविणे, यात बाजाराचे खोल ज्ञान आहे. पेटीच्या तळाशी बारीक फळे भरणारा, रुमालाखालचा भाव पट्टीवर बदलणारा आणि परप्रांतीय फळावर देवगडचे नाव लावणारा हे तिघेही या दृष्टीने एकाच पंक्तीतले ठरतात.

पुष्कळदा असे म्हटले जाते की जेथे विश्वास आहे तेथे मोजमापाची गरज नाही. कोकणच्या आंब्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. एकाच्या हाती लपलेले माप पिढ्यांच्या संबंधातही संशयाला जागा ठेवते. दोघांना दिसणारे माप अनोळखी माणसांमध्येही विश्वास निर्माण करते. कायदा ते माप ठरवू शकतो, शास्त्र ते अचूक करू शकते, यंत्र ते घरोघर पोहोचवू शकते. परंतु झाडाखाली उभे राहून फळ बारा आण्यांचे आहे की चौदा, हे पाहणारा डोळा अखेर बागायतदाराचाच असतो. त्या वेळी तेथे खरेदीदार नसतो, निरीक्षक नसतो आणि दलालही नसतो. पेटीवर लिहिलेल्या नावाचे मोल त्या क्षणी ठरते.